फॅक्स पोचला का? इंटरनेट फोन घेतलेल्या कंपनीनं फॅक्स सर्व्हर कसा निवडावा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना जे दोनदा झालं ते एकदा केलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण पुढचा भाग लावणार, मला माहितीये. विषय आहे फॅक्स. हो, फॅक्सच. पण पाच मिनिटं थांबा. कारण या फॅक्सपायी एका माणसाचं स्कॅन तीन आठवडे लांबलं, आणि त्यात माझी चूक होती. ती सांगायलाच आज बसलोय.

लहानपणी साताऱ्यात माझ्या मामांचं एसटीडी बूथ होतं. पिवळा बोर्ड, त्यावर एसटीडी, आयएसडी, पीसीओ आणि खाली झेरॉक्स, फॅक्स. फॅक्स आला की मामा पहिलं काम करायचे ते म्हणजे त्याची झेरॉक्स काढायची. कारण तो चकचकीत कागद, म्हणजे थर्मल पेपर, काही महिन्यांत पांढरा पडायचा. मला वाटायचं, ते मशीन बंद झालं तेव्हाच फॅक्सचा विषय संपला.

संपला नव्हता. तुम्हाला २०१८ चा नोव्हेंबर आठवतोय का? जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाला फॅक्स करत होत्या आणि तो जाईना. त्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला ऑफिसात कुणी नव्हतं, असं राज्यपाल नंतर म्हणाले. सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला. राजकारण बाजूला ठेवा. त्यातला प्रश्न मात्र लक्षात ठेवा: पाठवणाऱ्याला कळतं का, की आपला फॅक्स पोचला नाही? आजचा अख्खा भाग याच प्रश्नाभोवती आहे.

अजून फॅक्स कोण वापरतं?

मी पुण्यात नाइट शिफ्ट करतो. आमची कंपनी अमेरिकेतल्या छोट्या क्लिनिक्सचं कागदपत्रांचं काम बघते. बिलिंग, विम्याची मंजुरी, आणि त्यांच्या फोन, नेटवर्कची देखभाल. पुणे, मुंबई, नवी मुंबईत अशा कामावर असलेली पुष्कळ पोरं हा भाग ऐकत असतील. त्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेतली आरोग्यसेवा आजही फॅक्सवर चालते. डॉक्टरची चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, विमा कंपनीकडे मागायची मंजुरी, सगळं फॅक्सनं.

का? एक म्हणजे तिथला १९९६ चा हिपा कायदा. रुग्णाची माहिती जपून पाठवा असं तो सांगतो, आणि योग्य काळजी घेतली तर फॅक्स त्याला चालतो. दुसरं, दोन हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतीलच असं नाही, पण फॅक्स नंबर प्रत्येकाकडे असतो. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: फॅक्सला पोच असते. पान नीट मिळालं की समोरचं मशीन तसा सिग्नल परत पाठवतं. साध्या ईमेलमध्ये ती सोय नाही. इंग्लंडच्या एनएचएसनं २०१९ च्या जानेवारीपासून नवी फॅक्स मशीन घ्यायला बंदी घातली, म्हणजे तिथंही ती तोपर्यंत होतीच की.

माझी चूक

तर झालं असं. आमच्या एका क्लायंटची ओहायोमध्ये पाच क्लिनिक्स. जुन्या टेलिफोन लाइन काढून त्यांनी इंटरनेट टेलिफोनी घ्यायची ठरवली. खर्च वाचणार, नंबर तेच राहणार. काम माझ्याकडे आलं. टेबलावरचे फोन दोन रात्रींत चालू झाले. फॅक्स मशीनला मी एटीए नावाची डबी लावली. एका बाजूला साधी टेलिफोनची वायर, दुसऱ्या बाजूला नेटवर्क केबल. एका पानाचा फॅक्स पाठवून बघितला. गेला. चेकलिस्टवर लिहिलं, 'फॅक्स टेस्टेड, ओके.' खाली माझी सही.

दोन आठवड्यांनी तिथल्या एका रुग्णाचा फोन आला. पाठीच्या कण्याचा एमआरआय करायचा होता, पायात मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा. ठरलेल्या दिवशी ते सेंटरवर गेले तर मंजुरीच आलेली नाही म्हणून परत पाठवलं. विमा कंपनी म्हणते, आमच्याकडे कागद आलेच नाहीत. क्लिनिक म्हणतं, आम्ही त्याच दिवशी पाठवले.

दोघंही खरं बोलत होते. फ्रंट डेस्कवरच्या बाईंनी चौदा पानं मशीनमध्ये घातली, नंबर दाबला आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या. मशीननं पाचव्या पानावर दम तोडला. पुन्हा दोनदा प्रयत्न केला, पुन्हा तुटलं. मग नियमाप्रमाणे त्यानं 'कम्युनिकेशन एरर'चा कागद छापला. तो कागद ट्रेमध्ये लॅब रिपोर्टांच्या गठ्ठ्याखाली सापडला. नऊ दिवसांनी.

सगळं नव्यानं करून स्कॅन व्हायला एकूण तीन आठवडे गेले. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही, ते मला कळायचं कारणही नाही. पण त्या रात्री घरी येताना चहासाठी थांबलो, तर चहा गळ्याखाली उतरेना. चेकलिस्टवरची सही डोळ्यांसमोरून जात नव्हती. एक पान पाठवून मी 'ओके' लिहिलं होतं.

आवाज जातो, मग फॅक्स का जात नाही?

आता कारण समजून घेऊ, कारण ते समजलं की निवड निम्मी सोपी होते.

तुम्ही फोनवर मित्राला सिनेमाची गोष्ट सांगताय. मध्ये एखादा शब्द तुटला. त्याचं काही बिघडत नाही, कान जोडून घेतो. आता त्याच फोनवर ओटीपी सांगा. एक आकडा तुटला की सगळं वाया. माणसाचं बोलणं म्हणजे गोष्ट, फॅक्स म्हणजे ओटीपी. तोही लाखो आकड्यांचा.

इंटरनेट फोन तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवतो. एखादा तुकडा हरवला तर पलीकडचा फोन आधीच्या आवाजावरून भोक बुजवतो, कानाला पत्ता लागत नाही. पण फॅक्स सेकंदाला १४,४०० बिट पाठवत असेल तर त्या एका तुकड्यात २८८ बिट असतात. ते गेले. त्यांच्या जागी जे भरलं ती थाप. कमी पानं असली तर निभावतं. पानं वाढली की कधीतरी तुकडा हरवण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून माझं एक पान गेलं आणि बाईंची चौदा गेली नाहीत.

त्यात मी आणखी भर घातली होती. बँडविड्थ वाचावी म्हणून फोनच्या ठरलेल्या सेटिंगमध्ये जी.७२९ कोडेक होता, तोच डबीलाही लागला. जी.७११ आवाज सेकंदाला ६४ किलोबिटमध्ये जवळपास जसाच्या तसा पाठवतो. जी.७२९ तोच आवाज ८ किलोबिटमध्ये कोंबतो, आणि तो बनवलाय माणसाच्या गळ्यासाठी, मशीनच्या शिट्यांसाठी नाही. एक पान तरी कसं गेलं, हेच मला पुढे नवल वाटलं. बहुतेक मशीननं आपणहून वेग अगदी खाली आणला असावा.

मग पहिली मलमपट्टी: कोडेक जी.७११ केला, शांततेत पॅकेट न पाठवण्याची सेटिंग बंद केली, जिटर बफर कमीजास्त होणारा होता तो स्थिर केला, मशीनवरचा सुपर जी३ हा वेगवान मोड बंद केला. फरक पडला. पण लांबलचक फॅक्स अधूनमधून तुटायचेच.

टी.३८ म्हणजे काय?

यावरचा खरा उपाय आहे टी.३८. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं हे मानक १९९८ चं, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांपेक्षा वयानं मोठं.

कल्पना सोपी आहे. गाण्याचं रेकॉर्डिंग खराब लाइनवरून पाठवू नका. नोटेशन लिहून पाठवा, पलीकडचा पेटीवाला ते वाजवेल. टी.३८ मध्ये अलीकडचं यंत्र फॅक्सच्या शिट्या ऐकून त्यातली माहिती बाहेर काढतं, ती माहिती पॅकेटमध्ये भरून पाठवतं, आणि पलीकडचं यंत्र पुन्हा शिट्या बनवून मशीनला ऐकवतं. प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या एकदोन पॅकेटांची नक्कलही भरता येते. एखादं हरवलं तरी पुढच्यात त्याची प्रत असतेच.

मग सगळे आनंदी? नाही ना. कॉल आधी साध्या आवाजासारखा सुरू होतो. मग 'अरे हा फॅक्स आहे, टी.३८ वर ये' असा निरोप मध्येच जातो. पलीकडच्याला जमत नसेल तर तो ४८८ असा नकार देतो. तुमचा फोन प्रोव्हायडर माहितीपत्रकात 'टी.३८ सपोर्टेड' लिहितो, पण तो कॉल पुढे दुसऱ्या कंपनीला देतो, ती तिसरीला. साखळीतल्या एकालाही जमलं नाही की तुम्ही परत शिट्यांवर. आमच्याकडे काही नंबरांना टी.३८ सुरळीत लागायचं आणि काहींना दरवेळी ४८८. प्रोव्हायडरशी भांडताना हे लॉग कामाला आले. 'फॅक्स चालत नाही' म्हटलं की कुणी ऐकत नाही, 'या नंबरला या वेळी ४८८ आला' म्हटलं की तिकीट पुढे सरकतं.

समोर चार रस्ते

पहिला रस्ता: फॅक्सपुरती जुनी तांब्याची लाइन ठेवा. सगळ्यात बिनघोर. पण तिथं या लाइन महाग होत चालल्यात, आणि फेल झालेला फॅक्स पुन्हा कागदाच्या गठ्ठ्याखाली जाणार.

दुसरा: मशीन आणि डबी. आमचं झालं ते. दिवसाला दोनचार पानं असतील तर ठीक.

तिसरा: स्वतःचा फॅक्स सर्व्हर. म्हणजे नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर जो फॅक्स घेतो, पीडीएफ करतो, योग्य माणसाकडे पाठवतो आणि बाहेर जाणाऱ्यांची रांग सांभाळतो. मोफत पर्यायात हायलाफॅक्स आहे, सॅम लेफ्लर यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना सुरू केलेलं, अजून जिवंत. पण त्याला स्वतःला इंटरनेट फोनची भाषा येत नाही, मोडेम लागतो. म्हणून मध्ये टी३८मोडेमसारखा सॉफ्टवेअरचा खोटा मोडेम बसवावा लागतो. किंवा ॲस्टरिस्क, फ्रीस्विच यांच्यात स्टीव्ह अंडरवुड यांची स्पॅनडीएसपी ही लायब्ररी वापरून फॅक्स करता येतो. विकतच्यात राइटफॅक्ससारखी मोठी नावं आहेत. चॅनेलमागे लायसन्सचे पैसे, पण ऑफिसच्या सॉफ्टवेअरशी जोडणी तयार मिळते.

चौथा: क्लाउड फॅक्स. तुमचा नंबर त्यांच्याकडे, तुम्हाला वेबसाइट आणि ईमेल. टी.३८ ची डोकेदुखी त्यांची. पण पानामागे पैसे, आणि रुग्णाचे कागद तिसऱ्याच्या घरी. हिपाखाली त्यांच्याशी रीतसर जबाबदारीचा करार करावा लागतो. तो करायला तयार नसेल त्याच्याकडे जाऊच नका.

निवडताना विचारायचे प्रश्न

आता या भागातला सगळ्यात उपयोगी तुकडा. गाडी चालवत असाल तर नंतर पुन्हा ऐका.

पहिला प्रश्न: फेल झालेला फॅक्स कुणाला कळतो, आणि किती वेळात? विक्रेता वेग सांगेल, रंगीत डॅशबोर्ड दाखवेल. तुम्ही त्याला सांगा, माझ्यासमोर एक फॅक्स फेल करून दाखव. मग बघा, निरोप कुठे जातो. आमचा नियम असा: तीन प्रयत्न, मग पाठवणाऱ्याला ईमेल आणि आमच्या नाइट टीमच्या यादीत लाल ओळ. माणसानं 'बघितलं' असं दाबल्याशिवाय ती ओळ जात नाही.

दुसरा: चॅनेल किती? हा अंदाजानं ठरवू नका. आम्ही गर्दीचा तास मोजला. त्या तासात बाहेरून ४० फॅक्स, सरासरी ४ पानं, पानाला मिनिटभर धरलं आणि सुरुवातीच्या ओळखपाळखीला अर्धा मिनिट. म्हणजे ४० गुणिले साडेचार, १८० मिनिटं. एका तासात १८० मिनिटं, म्हणजे सरासरी ३ चॅनेल सतत गुंतलेले. मग ३ पुरतील? अजिबात नाही, फॅक्स रांग लावून येत नाहीत. एरलांगच्या सूत्रात घातलं तर ६ चॅनेलला शंभरातल्या साधारण पाच जणांना बिझी टोन मिळतो, ८ ठेवले तर एकालाही जेमतेम. आम्ही येणाऱ्यांसाठी ८ ठेवले. जाणाऱ्यांचं वेगळं, ते रांगेत थांबू शकतात.

तिसरा: सर्व्हर कुठे ठेवणार? मला आधी वाटलं, पुण्यातच ठेवू, डोळ्यांसमोर राहील. हा मोह टाळा. ओहायोतला फॅक्स समुद्राखालून पुण्यात आणून इथे उतरवायचा म्हणजे प्रत्येक शिटीला अर्ध्या जगाची वारी. फॅक्स तिथेच उतरवा, इथे फक्त पीडीएफ आणा. पीडीएफला उशीर चालतो, हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं.

चौथा: सुरक्षा. टी.३८ ची पॅकेट सहसा उघडीच जातात, कॉलचं सिग्नलिंग एन्क्रिप्ट केलं तरी. म्हणून प्रोव्हायडरपर्यंतचा रस्ता व्हीपीएनमधून घ्या. पीडीएफ कुठल्या फोल्डरमध्ये, किती दिवस, कोण उघडू शकतं, हे लिहून ठेवा. आणि नेहमीचे नंबर ॲड्रेस बुकमधूनच निवडायला लावा. चुकीचा आकडा दाबला गेला की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या दुकानात छापला जातो. आणखी एक, २०१८ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवलं होतं की एचपीच्या ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये नुसता एक बनावट फॅक्स पाठवून शिरता येतं आणि तिथून नेटवर्कमध्ये. एचपीनं दुरुस्ती काढली, पण धडा असा की टेलिफोनची वायर हीसुद्धा एक खिडकी आहे. प्रिंटर, सर्व्हर अपडेट ठेवा.

पाचवा: टेस्ट. एक पान नव्हे! एक पान, दहा पानं, तीस पानं. त्यात एक काळपट फोटो असलेलं पान, कारण त्याला वेळ जास्त लागतो. ज्यांना रोज पाठवायचं त्यांच्याच खऱ्या नंबरांवर, त्यांना आधी सांगून, गर्दीच्या वेळी. आणि रुग्णाचे कागद नाही, कोरा मजकूर.

आम्ही काय घेतलं

खरं सांगू का, मला हायलाफॅक्स बसवायची फार हौस होती. घरी बसवून बघितलं, चाललंही. पण आमचे टीम लीड म्हणाले, "तू रजेवर गेलास तर रात्री तीनला हे कोण सांभाळणार?" उत्तर नव्हतं. शेवटी विकतचा फॅक्स सर्व्हर घेतला, ओहायोतच ठेवला. दुसरा फोन प्रोव्हायडर निवडला तो टेस्टमधल्या आकड्यांवरून, माहितीपत्रकावरून नाही. जे नंबर हट्टी आहेत त्यांच्यासाठी वेग ९,६०० वर बांधला. मुख्य क्लिनिकमध्ये एक तांब्याची लाइन राखीव ठेवली, इंटरनेट गेलं तर. तुमची टीम मोठी असेल, लिनक्सवाली दोनतीन मंडळी असतील, तर मोफतवालं जरूर घ्या. चार माणसांचं ऑफिस असेल तर क्लाउड बरं. सगळ्यांना एकच माप बसत नाही.

आता फॅक्स फेल होत नाहीत का? होतात. समोरचा कागद संपतो, लाइन बिझी असते. पण आता ते आम्हाला लगेच कळतं आणि कुणीतरी फोन उचलून विचारतं, "आमचे कागद मिळाले का?" पोच मिळाली म्हणजे मशीनला मिळालं, माणसानं वाचलं असं नाही. मंजुरीचा फॅक्स असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करायचा, हा नियम आमच्याकडे कुठल्याही सॉफ्टवेअरनं नाही, त्या फ्रंट डेस्कवरच्या बाईंनी घालून दिला. ट्रेमधला कागद सापडला तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला कुणीतरी सांगायला हवं होतं." ते कुणीतरी म्हणजे मी होतो.

चेकलिस्ट अजून माझ्याच नावावर आहे. फॅक्सच्या ओळीत आता 'ओके' लिहायची जागाच ठेवलेली नाही. तिथं तीन रकाने आहेत: किती पानं, कुठल्या नंबरला, फेल झाला तर कुणाला कळलं.

चला, आज एवढंच. तुमच्या ऑफिसात अशी कुठली जुनी वस्तू आहे, जिला सगळे हसतात पण जिच्यावाचून काम अडतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि आज ऑफिसात कुठल्याही कामापुढे 'टेस्टेड, ओके' लिहिणार असाल, तर त्याआधी एकदा तीस पानं पाठवून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!